बातमी मोडली

रात्रपाळीला तारेवर एक ओळ आली,
कुठल्याशा परदेशी मंत्र्याच्या मरणाची.
ढमढेरे नवा, दोन महिनेच झालेले.
त्याने मराठी करून कागद माझ्याकडे सरकवला :
'सचिवाने पत्नीपाशी बातमी मोडली.'

सगळं टेबल हसलं.
प्रूफवाले कुंटे तर चष्मा काढून डोळे पुसत.
मी म्हटलं, अरे, मोडते ती खुर्ची,
मोडतं ठरलेलं लग्न, मोडते खोड,
शंभराची नोट मोडते पानाच्या टपरीवर.
बातमी कशी मोडेल?

'मग काय होतं तिचं?'

फुटते, म्हटलं. महापालिकेतला कारकून
चहाला बाहेर येतो तेव्हा.
उठते, ती बहुधा खोटी.
लागते, पान तीनवर तळाला,
ऐनवेळी जाहिरात आली नाही तर.

'पण इथे ब्रेक आहे,' तो हटेना.
पुठ्ठा निघालेला शब्दकोश त्याने उघडला.
ब्रेकला साडेतीन रकाने :
हाड मोडणे, उपास सोडणे,
घोडा वठणीवर आणणे, दिवस उजाडणे,
पोराचा आवाज फुटणे,
आणि पार खाली, पानाच्या मुडपलेल्या कोपऱ्यात,
(वाईट बातमी) बेताने सांगणे.
'बेताने'खाली कुणीतरी पूर्वीच
पेन्सिलीची रेघ मारून ठेवलेली.

मी 'मोडली' खोडलं, 'कानावर घातली' केलं,
आणि पान सोडलं.

तीनला ससूनमधून फोन.
आमची सासवडची गाडी
दिवे घाटात, गठ्ठ्यांसकट.
मारुती कुदळे. ड्रायव्हर. वय एक्केचाळीस.

शहर आवृत्तीला दहा मिनिटं होती.
ढमढेरेने पेनाचं टोपण काढलं.
नको, म्हटलं. घरी कळल्याशिवाय नाव छापायचं नाही.
मी चपला शोधू लागलो.
तो न विचारता स्कूटरवर मागे बसला.

जनवाडीत चारला पाणी येतं.
कांताबाई नळावरच भेटली.
पदर खोचलेला, पायाशी कळशी, तीन हंडे.
'साहेब तुम्ही? गाडी बिघडली का यांची?'

बावीस वर्षं मी माणसं मारत आलो,
चार-चार ओळींत, वयासकट,
पश्चात पत्नी, दोन मुली असा परिवार आहे.
त्या पश्चातकडे कधी तोंडावर पाहिलं नव्हतं.

'तुमच्या कानावर...' एवढंच निघालं.

ती म्हणाली, 'थांबा, एवढी कळशी भरू द्या,
पाणी जाईल.'

आम्ही थांबलो.
कळशी भरत गेली, तिचा आवाज
पोटातून गळ्याकडे चढत, बारीक होत.
कांताबाई माझ्याकडे बघत नव्हती.
कळशीच्या तोंडाकडे बघत होती.
मला वाटतं, तिला कळलं होतं,
आणि कळशी ही तिची सवड होती.

काठावरून पाणी सांडायला लागलं.
तिने नळ बंद केला नाही.
मागची बाई, 'अगं, नळ!' म्हणून ओरडली,
मग तीही गप्प झाली.

काय बोललो आठवत नाही.
क्रियापद तर नक्कीच नव्हतं त्यात.

येताना फर्ग्युसन रस्त्यावर
पोरं फुटपाथवर बसून पुरवण्या घालत होती.
ढमढेरेने आपलाच अंक पैसे देऊन घेतला,
दिव्याखाली धरून पान पाच काढलं.
होती ती ओळ तिथे. 'कानावर घातली.'
व्याकरणात निर्दोष.
त्याने घडी करून खिशात ठेवली,
म्हणाला काहीच नाही.

मी घरी गेलोच नाही.
साडेसातला सासवडहून फोन सुरू झाले.
वडकीहून एक, मग हिवऱ्याहून, मग स्टँडवरचा विक्रेता :
काय हो, आज पेपर का नाही आला?
मारुती कुठे उलथलाय?

मी हात पुढे केला,
पण ढमढेरेने आधीच उचलला होता.
'सांगतो,' म्हणाला.
मग जरा थांबून,
'काका, बसलायत ना?'